मर्यादेच्या आत

वस्तीत तिला सगळे सिस्टरच म्हणत. बावीस वर्षं तिने त्याच गल्ल्यांमधून बाळांना लसी टोचल्या, वजनं केली, सासवा-सुनांची भांडणं मिटवली. ‘सिस्टर म्हणाल्या’ म्हटलं की घरातला वाद संपायचा.

मग नळाच्या पाण्याचा अहवाल आला. जवळच्या ड्रायक्लीनिंगच्या कारखान्यातला डाग काढायचा द्रव जमिनीत मुरून पाण्यात उतरला होता. अगदी थोडा. घरोघरी पत्र देऊन समजावून सांगायचं काम सिस्टरवर आलं. पत्रात होतं, ‘प्रमाण मर्यादेच्या आत आहे. दीर्घकालीन परिणामांबाबत ठोस निष्कर्ष उपलब्ध नाही.’

तिने आरोग्य केंद्रातल्या साहेबांना विचारलं, “लोकांना सांगू काय? प्या की पिऊ नका?”

“घाबरवू नका. आणि खात्रीही देऊ नका.”

“मग काय, दार वाजवून नुसती उभी राहू?”

साहेब कसनुसं हसले. त्यांनाही याहून जास्त माहीत नव्हतं.

किराणावाल्याने “मर्यादेत आहे ना? झालं तर!” म्हणत पत्र वजनकाट्याखाली सारलं. त्याच्या शेजारच्या आजीबाई तेच ऐकून नातवाला आंघोळही घालीनात.

शिंप्याची बायको चौथ्या महिन्यात होती. तिने मशीन थांबवलं. “सिस्टर, हो की नाही, एवढंच सांगा.”

“धोका असलाच तर फार कमी असावा. पण नक्की कुणालाच...”

“तुमची सून असती तर?”

“जमलं तर प्यायला विकतचं आणा.”

त्यांनी आणलं. पाचव्या महिन्यात मूल गेलं.

सिस्टर भेटायला गेली तेव्हा शिंप्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. सासू दारात उभी.

“पाण्यानं झालं का?” सुनेने विचारलं.

“सांगता येत नाही गं. कधीकधी कारण सापडतच नाही.”

“सासूबाई म्हणतात, मी मशीनवर बसले म्हणून गेलं. तुम्ही पाण्यानं गेलं म्हणा ना. तुमचं ऐकतील त्या,” ती कुजबुजली.

एका शब्दाचं काम होतं. सिस्टरच्या ओठांवर तो आलाही होता.

“मशीनवर बसल्यानं असं होत नाही,” ती सासूकडे बघून म्हणाली.

“मग पाण्यानं?” सासूने विचारलं.

“तेही छातीठोक सांगता येत नाही.”

“म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नाही तर,” सासू म्हणाली. आवाजात राग नव्हता. सून भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

शिंपी सिस्टरला पोचवायला कोपऱ्यापर्यंत आला. तिथे खाली बघत म्हणाला, “पुन्हा मुलाचा विचार करायचा, तर इथंच राहून करावा का?”

“मोठ्या डॉक्टरांना विचारा.”

“विचारलं. ते म्हणाले, पाण्याचं तुमच्या सिस्टरना विचारा.”

सिस्टर खांद्यावरची पिशवी उगाच सारखी करत राहिली.