घागरींची वजाबाकी

लातूर नवा जिल्हा झाला आणि सिंधूचा नवरा लोह्याहून तिथल्या कचेरीत कारकून म्हणून आला. पुढच्याच उन्हाळ्यात गल्लीतले नळ आटले. टँकरच्या पाण्यावर दिवस निघत होते. मुलगी छबी वजाबाकीत कच्ची, म्हणून सिंधू रोज कणीक मळता मळता तिला घरातल्याच वस्तूंवर गणितं घाली.

"आपल्याकडं चार घागरी हायेत. समोरच्या धुरपताबाईला एक दिली. किती राहिल्या?"

"चार."

"नीट मोज गं."

"मोजल्या की! आजी त्यांना घागर देतच न्हाई."

बाजेवरून सासू, सरजाबाई, मिश्रीचे काळे दात दाखवत खदखदून हसली. "लई हुशार हाय पोरगी! तुझ्यापरीस शहाणी."

सकाळीच धुरपताबाई ताप आलेल्या नातवासाठी पाणी मागायला आली होती. ती बौद्ध म्हणून सरजाबाईनं तिला पायरीवरूनच परत पाठवलं होतं, आणि सिंधू आत मुकाट भाकरी थापत राहिली होती.

तिनं कणकेचे हात पुसले आणि एक भरली घागर कमरेवर घेतली.

"ती घागर पुन्हा घरात यायची न्हाई, सांगून ठेवते!"

"नका घेऊ," सिंधू म्हणाली आणि घागर समोर देऊन आली.

परत येते तो सरजाबाई वाकून उंबरा धूत होती. छबी पिण्याच्या पाण्याचे तांबे भरभरून तिला देत होती. सिंधूनं पोरीच्या हातातला तांब्या हिसकावला. पण उंबरा तोवर धुऊन झाला होता.