पिलांच्या वाटणीची भाकर

वलगावहून कापसाची गाडी घेऊन अमरावतीला आलेल्या गाडीवानानं आधी मला कापसाचा भाव सांगितला, मग बैलांना पाणी पाजलं आणि मग म्हणाला, "मास्तर, तुमची अक्का गेली काल." महिना होत आला, पण त्याच्यावरचा माझा राग काही ओसरत नाही.

अक्का माझी थोरली बहीण, वलगावात दिलेली. विधवा झाल्यावर मुलाच्या, नामदेवच्या संसारात राहिली, पण परसातल्या कोंबड्या तिच्या एकटीच्या. पिलं वाढवावीत तर तिनंच. आधी ज्वारीच्या बारीक कण्या ताकात भिजवून घालायची, चार दिवसांनी कांद्याची पात चिरून. खरा खुराक मात्र वाळवीचा. काठ फुटलेल्या एका गाडग्यात ओलं शेण नि कुटाराचा भुसा भरून ते संध्याकाळी बांधावर पालथं घालायची. सकाळी आत वाळवी वळवळत असायची. सुपात गाडगं ठोकलं की पिलं धावत सुटायची. "बाळंतिणीले डिंकाचे लाडू, तसं पिलाइले हे," म्हणायची.

मग कुठल्याशा परमुलखात लढाई जुंपली, तिथला कापूस यायचा थांबला, इथल्या कापसाचा भाव आभाळाला भिडला आणि इथला माणूस कापसापायी येडा झाला. नामदेवनं ज्वारीचं सगळं रान कापसाखाली घातलं. परसामागची, अक्कानं पिलांसाठी राखलेली ज्वारीची चार तासं, नांगराच्या चार ओळी, त्यासुद्धा सोडल्या नाहीत.

"लेका, पिलाइले काय आता कापूस चारू?" अक्का म्हणाली.

"सरकी हाये ना घरात ढीगभर. म्हशीले चालते, कोंबडीले काहून नाई चालत?"

मी तिथंच जेवत होतो. अक्कानं माझ्याकडे पाहिलं. आणि चार बुकं शिकलेला मी म्हणालो, "घालून तर पाहा..." ते आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

भरडलेली सरकी खाऊन पंधरवड्यात बाराच्या बारा पिलं गेली. पिसं फुलवून, माना टाकून, एकामागून एक.

पुढच्या पाच पिलांना तिनं सरकीचा वासही लागू दिला नाही. ज्वारी आता विकत यायची, भाकरी मोजून व्हायच्या. अक्का आपल्या ताटातली अर्धी भाकर कुस्करून परसात न्यायची. सुनेनं हटकलं की, "जेवली व माय मी." दिवाळीला गेलो तर तिच्या हाताच्या काड्या झालेल्या. "अक्का, वाळून काहून राहिली तू?" मी विचारलं.

"माहं काय, मी म्हातारी. त्याइचं वाढाचं वय हाये, बापू."

मी हसलो आणि निघून आलो. हसलो! थंडीत तिला ताप भरला, तिसऱ्या दिवशी खेळ आटोपला. गाव म्हणतं, तापानं गेली. साफ खोटं. ताप निमित्ताला आला, काम आम्ही आधीच करून ठेवलं होतं.

तेरावं उरकल्यावर नामदेव म्हणाला, "मामा, उद्या राहा. कोंबड्या चांगल्या भरल्या हायेत, एक कापतो तुमच्यासाठी." मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पाचही कोंबड्या आणि ते गाडगं घेऊन मी अमरावतीला आलो.

रोज संध्याकाळी मी गाडगं पालथं घालतो, सकाळी सुपात ठोकतो, आणि त्या पाचही धावत येतात. काल कळलं, नामदेव यंदाही परसामागच्या त्या चार तासांत कापूसच पेरणार आहे. ताट पुढ्यात होतं. मी अर्धी भाकर कुस्करून कोंबड्यांपुढे टाकली आणि अर्धीवर उठलो. दुपार कलायच्या आत पोटात आग पडली. अक्कानं असे किती दिवस काढले, हे त्या घरात कुणी विचारलं नाही. मीही नाही.