अंजनीच्या राईत आत्या एकटी

नव्वदच्या दशकातली, मी बारावी झाले त्या वर्षीची गोष्ट. पाऊस सरला होता आणि मुरबाडकडच्या आमच्या घराची कुडाची भिंत नव्याने बांधायची होती. कारवीच्या काठ्या आणायला आत्या कमरेला कोयता लावून मला घेऊन डोंगरावर निघाली.

खाली सागाचं रान उजेडाचं. वर ऐन, किंजळ. त्याच्याही वर अंजनी आणि जांभळीची दाट राई, भरदुपारीसुद्धा काळोखी. राईच्या कडेला कारवी. तिथे पोचलो आणि ढग खाली उतरला. दहा पावलांवरचं दिसेना. आत्याचा पाय शेवाळावरून सटकला. घोटा बघता बघता सुजला, तिला उभं राहवेना.

"तू जा, माणसं घेऊन ये," ती म्हणाली. "वाट दिसायची नाय. झाडं बघत उतर गो. साग लागला का गाव लांब नाय."

मी निघाले. राईत सगळी खोडं सारखीच. ओल्या पाल्यावर माझ्याच पावलांचा आवाज मागून येतोय असं वाटे. एका मोडलेल्या जांभळीपाशी मी दोनदा आले तेव्हा रडूच फुटलं. हाका मारल्या. उत्तर नाही. जवळच काहीतरी खसफसलं आणि मी मागे न बघता उतारावर धावत सुटले. धडपडत एका खोडाला धरलं. सुसरीच्या पाठीसारखी साल. ऐन! पुढे सागाची रुंद पानं लागली.

पण बाहेर पडले ती वाडी आमची नव्हती. अंगणात तिथले दोघे भाऊ भात झोडत होते. "आत्या वर पडलीय, पाय सुजलाय तिचा," मी धापा टाकत सांगितलं.

"वर झाडं कंची होती?" थोरल्याने विचारलं.

"बारीक चकचकीत पानांची... शेजारी कारवी."

"म्हंजे अंजनीची राई." त्याने घोंगडी आणि बांबू उचलला.

त्यांच्या मागून मी पुन्हा चढले. आत्या जागेवर नसली तर, एवढंच डोक्यात होतं. राईत शिरल्यावर कोयता दगडावर आपटल्याचा आवाज आला. ती कितीतरी वेळ तो आपटत बसली होती. हाका मारून तिचा घसा बसला होता.

तिने माझं मनगट घट्ट धरलं. "हाक ऐकली तुझी," ती कुजबुजली. "मग तू गप झालीस. वाटलं, पोरीला मीच मारली."

घोंगडीच्या झोळीतून उतरवताना तिने ते मनगट सोडलं नाही.