शेअर सिंधूचे, नाव माझं

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. मुलीजवळ नाही. देवापुढं बसलो तेव्हाही नाही – तिथं दुसरंच काहीतरी पुटपुटून उठलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती माझ्यात नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं.

नेदरलँड्समधल्या आमच्या रायस्वाइक गावातली मराठी मंडळी मला 'शेअरवाले काका' म्हणतात. पोरं इथं शिकायला येतात, नोकरीला लागतात, हातात चार पैसे जमले की कुणीतरी सांगतं – काकांना विचार. अमेरिकेतल्या कंपन्यांचे शेअर, दर तीन महिन्यांनी लाभांश देणारे, काकांनी वीस वर्षं सांभाळलेत. बघा, चौथी शिकलेला माणूस! द हेगमध्ये एका वकिलातीतल्या साहेबाच्या घरी स्वयंपाकी म्हणून आला, आणि आज घरबसल्या अमेरिकेकडून पैसे घेतो!

हे ऐकताना माझी मान कशी ताठ व्हायची, काय सांगू.

त्यातलं चौथी शिकलेला आणि स्वयंपाकी, एवढंच खरं आहे. शेअर माझ्या बायकोचे. सिंधूचे.

सिंधू दहावी झालेली. इथं आल्यावर नगरपालिकेच्या वर्गाला जाऊन डच शिकली. मी गेलो नाही – या वयात पाटी-पेन्सिल घेऊन बसू काय, म्हणालो. तेव्हा माझं वय पस्तीस होतं. ती काचघरात टोमॅटो तोडायला जायची. तिथं तिच्या शेजारच्या रांगेत आन्स नावाची एक डच बाई होती. तिनं चहाच्या सुट्टीत हिला हे शेअरचं वेड लावलं. सिंधू डिक्शनरी घेऊन कंपन्यांचे अहवाल वाचायची. तिचं गणित सरळ होतं. साबण, दात घासायची पेस्ट, औषधं, वीज – लोक कितीही अडचणीत असले तरी दात घासायचे थांबत नाहीत, म्हणायची. वाईट वर्षातही ज्या कंपनीनं लाभांश कमी केला नाही, तीच घ्यायची. आलेल्या लाभांशातून पुन्हा शेअर घ्यायचे. आणि विकायचं नाही. वीस वर्षांत तिनं एकदाही विकलं नव्हतं.

खातं मात्र माझ्या नावावर. तिनंच तसं केलं. "घरातल्या मोठ्या माणसाच्या नावानं असू दे," म्हणाली. मी नको म्हणालो का? नाही.

आता माझं काम काय होतं तेही सांगतो. अमेरिकेचा बाजार इथल्या घड्याळात दुपारी साडेतीनला उघडतो. चहा झाला की सिंधू स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडायची. खात्यात शिरताना माझ्या फोनवर सहा आकडे यायचे, आणि फोन मी कुणाच्या हाती देत नसे. ते मी वाचायचे, तिनं दाबायचे. झालं. वीस वर्षांच्या कारभारात माझा वाटा सहा आकड्यांचा. पण ते मी वाचायचो कसे – चष्मा लावून, घसा खाकरून, पुजाऱ्यानं मंत्र सांगावा तसे. ती बिचारी बोट उचलून वाट बघायची.

आणि रविवारी कुणी पोरं घरी आली की मी त्यांना तिचीच वाक्यं ऐकवायचो. दात घासायचे थांबत नाहीत, हे सुद्धा. ती आतून चहा घेऊन यायची, ऐकायची, कप ठेवायची आणि जायची. तिनं मला चारचौघांत कधी खाली पाहायला लावलं नाही.

एकदा सोडून. आणि तेव्हाही दोष तिचा नव्हता.

दिवाळीच्या फराळाला सगळे एका हॉलमध्ये जमलो होतो. मी मधोमध खुर्चीवर, भोवती सात-आठ जण. ग्रोनिंगनला शिकणारी एक मुलगी आली होती, चुणचुणीत. तिनं विचारलं, "काका, लाभांशाच्या तारखेच्या आदल्या दिवशी शेअर घेतला, लाभांश घेतला आणि लगेच विकून टाकला, तर? फुकटच की!"

मला काय ठाऊक! पण माहीत नाही हे शब्द माझ्या तोंडाला ठाऊक नाहीत. मी म्हणालो, "चालतं की. मी कितीदा केलंय!"

सिंधू शेजारच्या टेबलावर चिवडा वाढत होती. ती सहज बोलून गेली, "अहो, त्या तारखेला भाव लाभांशाएवढाच उतरतो ना. या खिशातनं काढून त्या खिशात. आपण कधी केलं नाही तसं."

एकजण हसला. "म्हणजे मॅनेजर काकू आहेत होय! काका, तुम्ही नुसते चेअरमन!" सगळे हसले. ती ग्रोनिंगनची मुलगी खुर्ची उचलून सिंधूच्या टेबलाजवळ जाऊन बसली. मागोमाग आणखी दोघं गेले. सिंधू लाजत लाजत त्यांना समजावत होती, आणि तिचा चेहरा – मी तिचा चेहरा इतका उजळलेला कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. नवऱ्याला अशा वेळी काय वाटायला हवं? तुम्हीच सांगा. मला जे वाटलं ते सांगायची मला लाज वाटते.

घरी येताना ट्राममध्ये मी काचेकडं तोंड करून बसलो. ती म्हणाली, "चुकलं का हो माझं?"

"तुझं कशाला चुकेल? तू मॅनेजर."

आठ-दहा दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोललो. आणि त्याच दिवसांत लताचा फोन आला.

लता सिंधूची धाकटी बहीण, इचलकरंजीला असायची. आई लवकर गेली, म्हणून सिंधूनंच तिला अंगाखांद्यावर वाढवलं. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं होतं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. फोनवर आवाज ओढलेला, पण जीभ तीच. मला म्हणाली, "दाजी, अक्काला धाडा की आठ दिस. तुमचे शेअर काय पळून जात्यात व्हय?" मी हसलो. म्हणालो, "धाडतो, धाडतो."

तुम्हाला वाटेल, तिकिटाचे पैसे नव्हते? त्या महिन्यात खरंच नव्हते. इमारतीच्या छताचं काम निघालं होतं, सगळ्यांच्या वाट्याला मोठी रक्कम आली, शिल्लक होती ती त्यात गेली. पेन्शनला तीन आठवडे होते. मुलगी होती – मेघना, ॲमस्टरडॅमला नोकरी करते, एका फोनवर तिकीट काढून दिलं असतं. पण मुलीपुढं हात पसरायचा नाही, हा माझा नियम. मीच केलेला, मीच मिरवलेला. सिंधूनं तो पाळला.

ती म्हणाली, "मी थोडे शेअर विकते. साबणाच्या कंपनीतले. तिकीट होईल, आणि लतीच्या हातात काही ठेवता येईल." वीस वर्षांत पहिल्यांदा विकायचं म्हणाली. माझी परवानगी मागितली नाही, पण विचारल्यासारखं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "वीक की."

दुपारचे साडेतीन. तिनं लॅपटॉप उघडला. माझ्या फोनवर सहा आकडे आले.

इथवर आलोय, पण अजून हात मागं येतोय.

शेवटचा आकडा सात होता. मी एक म्हणालो.

चुकून नाही. चष्मा डोळ्यावर होता, उजेड भरपूर होता. सात मला स्वच्छ दिसत होता. मी पाच आकडे बरोबर वाचले, आणि सातच्या जागी एक म्हणालो. तिनं दाबला. लॅपटॉपनं चूक दाखवली.

"माझंच काहीतरी चुकलं," ती म्हणाली. पदरानं चष्मा पुसला. "परत मागवते हं."

नवे सहा आकडे आले. मी पुन्हा एक आकडा बदलून सांगितला.

माझ्या डोक्यात तेव्हा काय होतं? लता नव्हती. खरं सांगतो, लता माझ्या डोक्यात आलीच नाही. डोक्यात तो हॉल होता, आणि उचलून नेलेली ती खुर्ची. मॅनेजर आहेस ना – मग बघ, चेअरमनशिवाय दार उघडतं का. एवढंच होतं. एक दिवस तिला अडवायचं, विनवायला लावायचं, मग उद्या बरोबर आकडा सांगायचा. असा हिशोब होता माझा.

तिसऱ्या वेळी मी थांबू शकलो असतो. एकेक आकडा ती पुटपुटत दाबत होती. मी तरीही चुकीचा सांगितला.

तीनदा चुकल्यावर खातं बंद होतं, हे मला माहीत नव्हतं. असला अडाणी मी. पडद्यावर डच भाषेत काहीतरी आलं. तिनं वाचलं, तोंडावर हात ठेवला. खातं उघडायची नवी परवलीची अक्षरं टपालानं येणार होती, आठ-दहा दिवसांत, माझ्या नावानं.

तरीही वाट होती. ती म्हणाली, "तुम्ही फोन लावा ना त्यांना. खातं तुमचं आहे, तुम्ही बोललात तर लवकर उघडतील." स्वयंपाकघरात राबून राबून मला बोलण्यापुरतं डच येतं. पण ते लोक खात्री करायला विचारणार, खात्यात कुठल्या कंपन्या आहेत? आणि मला पाच नावंसुद्धा धड सांगता आली नसती. शेजारी सिंधू उभी असणार. मी म्हणालो, उद्या बघू. दुसऱ्या दिवशीही उद्या बघू म्हणालो. त्यानंतर तिनं विचारलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी लताच्या मुलाचा फोन आला.

सिंधू ओरडली नाही. फोन टेबलावर ठेवला, खुर्ची ओढून बसली. माझ्याकडं बघून म्हणाली, "मी घाई केली हो. नीट दाबले असते तर आज मी तिथं असते." आणि मग – हे लिहिताना माझं पेन अडतंय – मग म्हणाली, "तुमचं खातं पण बंद पाडून ठेवलं मी."

तिनं माझी माफी मागितली.

तेव्हा तरी सांगायचं ना? मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे, होतं असं." मोठ्या मनाच्या माणसासारखं.

टपाल चार दिवसांनी आलं, खातं उघडलं. आत सगळं जागच्या जागी होतं, वर नवा लाभांश जमा झालेला. मी म्हणालो, आता जाऊन ये. ती म्हणाली, "आता कुणाकडं?"

त्यानंतर ती चार वर्षं जगली. त्या चार वर्षांत ती प्रत्येक वेळी मला आकडे दोनदा वाचायला लावायची. आधी मी म्हणायचो, मग ती माझ्यामागून म्हणायची, मग परत मी. "मागच्यासारखं नको व्हायला," म्हणायची. मी दोनदा वाचायचो. अगदी बरोबर, एकही आकडा न चुकता. कितीदा झालं असेल असं? आणि प्रत्येक वेळी आम्ही दोघंच असायचो, चहा समोर असायचा, मला एकच वाक्य बोलायचं होतं. बाहेर मात्र ती सगळ्यांना सांगायची – माझ्याच हातनं चूक झाली, बहिणीला मुकले. ग्रोनिंगनच्या त्या मुलीला सांगताना मी शेजारी होतो. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चिवडा खात होतो.

पोरं पुन्हा माझ्याकडं यायला लागली. सिंधू शेअरबद्दल चारचौघांत परत कधी बोलली नाही. मला हवं होतं ते सगळं मिळालं, असं म्हणायचं.

मागच्या वर्षी ती हॉस्पिटलात होती. बोलायला दम पुरत नव्हता, तरी मेघनाला जवळ बसवून कारभार समजावत होती. कुठली कंपनी ठेवायची, कुठलीवर लक्ष ठेवायचं. मेघनाला मराठी सगळं कळतं, पण ती डचमध्ये उत्तरं देते. तिनं विचारलं, हे सगळं बाबांना माहीत असेलच ना. सिंधू माझ्याकडं बघून थोडं हसली. काही बोलली नाही. तेवढ्यातही तिनं मला सांभाळलं.

मग म्हणाली, "आकडे येतात ते सावकाश दाबायचे, बाळ. बाबा नीट सांगतात. त्यांची कधी चूक होत नाही. मी घाई केली, तीनदा चुकले, आणि लतीला शेवटचं बघायची राहिले."

मेघनानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. असं झालं होतं का, असं तिच्या डोळ्यांत होतं. सिंधूही माझ्याकडंच बघत होती.

मी मान हलवली. हो, म्हणून.