न सोडलेली गाठ

आमच्या चर्चमागे बोरीच्या झाडाजवळ एक पत्र्याचा ड्रम आहे. दर रविवारी उपासना संपली की आम्ही महिला मंडळाच्या बायका बुलढाण्याच्या एसटी स्टँडवरच्या बेघर बायकांना आणतो. आधी आंघोळ, मग धुतलेले कपडे, मग खिचडी, हा आमचा नेम. अंगावरून उतरलेलं सगळं त्या ड्रममध्ये जाळायचं, उवा पसरू नयेत म्हणून. गावात लोक म्हणतात, हे खिचडी चारून बाटवतात. इतक्या वर्षांत कुणीच बाटलं नाही. खिचडी तेवढी संपते.

जाळायचं काम माझ्याकडे. स्वच्छतेचं मला वेड आहे आणि त्याचा मला गर्वही होता.

ती म्हातारी थंडीच्या दिवसांत आली. बीबी गावाकडची. डोळे दाखवायला पुतण्याने तिला बुलढाण्याला आणलं, स्टँडवर बसवलं आणि चहा घेऊन येतो म्हणून तो गेला तो गेलाच. तिला दिसायचं जेमतेम.

"मले पोरगी हाय, सुरतेले," आल्या आल्या तिने माझा हात धरला. "तिले फोन लावून दे ना बाई. ते येईन मले न्याले."

असं सगळ्याच सांगतात. कुणाला पोरगी असते, कुणाला भाऊ, आणि येत कुणीच नाही. मी म्हटलं, "हो मावशी, लावू. आधी आंघोळ."

पाणी कढत होतं. डोक्यावरून दोन तांबे गेल्यावर ती लेकरासारखी हसली. तिला दुसऱ्या बाईच्या हवाली करून मी लुगडं काठीने उचललं, ड्रममध्ये टाकलं आणि काडी लावली.

नवं पातळ नेसवल्यावर तिने पदर चाचपला. एक टोक, मग दुसरं टोक.

"माह्यं लुगडं कोठी हाय?"

"मावशी, ते फाटलं होतं. हे बघा, किती छान आहे."

"त्याच्या गाठीत कागद होता वं माय. पोरीचा नंबर."

मी धावले. ड्रममध्ये हात घातला, बोटं भाजली, हाताशी काळा चोथा आला. माझी आई जन्मभर पदराला किल्ली, सुटे पैसे, लवंगा बांधत आली. लहानपणी तिची गाठ सोडायला मीच असायचे. पदराला गाठ असते हे मला कुणी शिकवायला नको होतं. ज्या बाईचं लुगडं मी काठीने उचललं तिच्याही पदराला गाठ असेल, हे मात्र सुचलं नाही.

चर्चचे पाळकसाहेब आणि मी बीबीला गेलो. पुतण्याच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "लेक सुरतेले हाय म्हनतात. नंबर कोनाजोळ असन आता?" पोलिसांत नोंद केली. परतताना पाळकसाहेबांनी गाडी थांबवून प्रार्थना केली. मी डोळे मिटले नाहीत. राग आला होता, देवाचा नाही, माझाच.

वृद्धाश्रमात जायला ती तयार होईना. "पोरगी इथीच येईन," म्हणायची आणि स्टँडवरच परत जाऊन बसायची. कोण सांगणार होतं त्या पोरीला? दर रविवारी मला विचारायची, "आला का वं फोन?" मी नाही म्हणायचे. तिने मला एकदाही बोल लावला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं. शेवटी मी एका कागदावर माझाच नंबर लिहिला आणि तिच्या पदराला बांधला. निदान काही झालं तर कुणीतरी मला कळवेल.

"पोरीचा हाय का?" तिने विचारलं.

"नाही मावशी, माझा आहे."

"असू दे," म्हणाली, आणि गाठ एकदा दाबून पाहिली.

ऊन तापायला लागल्यावर एका सकाळी मला दवाखान्यातून फोन आला. स्टँडवर पडलेली एक म्हातारी आणली होती, आणल्यावर तासाभरात गेली.

"तिच्या पदरात हाच एक नंबर निघाला," तिकडची बाई म्हणाली. "पोरगी येईन, पोरगी येईन म्हनत होती. तुमी लेक का तिची?"

"नाही."

"मंग लेकीचा नंबर द्या ना, बाई."