पूर्व गॅलरीतली बॅग

युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलं ते फुटबॉल स्टेडियम आता उभं नाही. त्याच्या पूर्व गॅलरीतली एक बॅग मात्र मी विसरलेलो नाही.

मी तेव्हा त्या अमेरिकन शहराच्या पोलीस दलात डिटेक्टिव्ह होतो. मराठी बोलणारा एकटाच. २००१च्या दहशतवादी हल्ल्यांची धास्ती ओसरलेली नव्हती. स्टेडियम पाडण्यापूर्वी निरोपाचा सामना ठेवला होता. प्रवेश मोफत, बाकांवर क्रमांक नाहीत. सामन्याआधी एका प्रेक्षकाने बंदोबस्तावरच्या पोलिसाला सांगितलं, की एक तरुण बॅग ठेवून घाईने निघून गेला. आम्ही गॅलरी रिकामी केली, बॉम्बशोधक पथक बोलावलं. तरुण पार्किंगमध्ये सापडला. पुण्याहून आलेला, इंजिनिअरिंगचा संशोधक विद्यार्थी.

वकिलाचा हक्क समजावून सांगितल्यावर स्टेडियमच्याच एका खोलीत चौकशी सुरू झाली.

"बॅग कशाला ठेवलीस?" माझ्या अमेरिकन सहकाऱ्याने इंग्रजीत विचारलं.

"जागा धरायला."

"आणि स्वतः निघून गेलास? अशी कोण जागा धरतं?"

गुन्हा दाखल झाला असता तर त्याचा व्हिसा गेला असता आणि शिक्षणही.

मी मराठीत विचारलं, "किती जण होतात?"

"तिघं, सर. आईबाबा गाडीत होते. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून खालची रांग धरली आणि त्यांना आणायला गेलो."

"एका बॅगेवर तिघांची जागा?"

"नाही सर. शेजारी आईची छत्री ठेवली, पलीकडे रुमाल."

छत्री आणि रुमालाची खबर आम्हाला कोणी दिली नव्हती. मी रेडिओवर पथकाला विचारलं. दोन्ही वस्तू बाकावर होत्या, त्याच क्रमाने. बॅगेत लॅपटॉप, स्वेटर आणि पोळीभाजीचा डबा निघाला.

"तुमच्याकडे रुमाल बघून लोक जागा सोडतात?" मी सगळं इंग्रजीत सांगितल्यावर सहकाऱ्याने मला विचारलं.

"सोडत नाहीत. भांडतात. पण रुमाल कोणाचा, हे विचारून."

तो हसला आणि त्याने तरुणाला पाणी दिलं. वरिष्ठांनी गुन्हा न नोंदवण्याचा निर्णय दिला.

बाहेर त्याची आई उभीच होती, बाबा शेजारी बाकावर बसले होते. मुलाला पाहून तिने आधी त्याचा दंड धरला, मग म्हणाली, "तरी म्हटलं होतं, रुमाल पुरे. यार, लॅपटॉप कोणी टाकतं का?"

"आई, तू यार म्हणू नकोस," तो म्हणाला. बाबा मघापासून पहिल्यांदा हसले.

सामना उशिरा सुरू झाला. तिघांना खालची रांग मिळाली.

पुढे निवृत्तीपर्यंत, समोरच्याचं वागणं संशयास्पद वाटलं की मी आधी एक प्रश्न विचारत असे: तुमच्या गावी हे कसं करतात? गुन्हेगार त्यावर अडखळत. बाकीचे बोलायला लागत, आणि मग त्यांना थांबवणं कठीण जाई.