विल्सनच्या लग्नातली पेस कार

चहा ओता आधी, मग सांगतो. फक्त एक अट आहे, विल्सनसमोर हा विषय काढायचा नाही. त्याने मला माफ केलंय, पण गाडीची चावी अजूनही माझ्या हातात देत नाही.

तुम्हाला माहीतच आहे, मी अमेरिकन स्टॉक कार रेसिंगचा वेडा. लोक म्हणतात, त्यात काय, नुसत्या गोल गोल तर फिरतात. अहो, पण त्या फिरण्याला नियम किती! गाडीत स्पीडोमीटरच नसतो. टायर बदलायला पिटमध्ये शिरताना वेगमर्यादा पाळायची, आणि तीही इंजिनाच्या आरपीएमवरून अंदाज घेऊन. जरा जास्त झालं की शिक्षा.

आणि सगळ्यात देखणी म्हणजे पेस कार. ट्रॅकवर अपघात झाला की ती पिवळे दिवे लावून पुढे येते, आणि मघापासून डरकाळ्या फोडणाऱ्या गाड्या निमूटपणे तिच्या मागे रांगेत लागतात. तिचे दिवे विझेपर्यंत तिला ओव्हरटेक करायचं म्हणजे पापच. एवढी ताकद आणि एवढा संयम! मला तर दर वेळी भरून येतं.

विल्सन वसईचा, हॉटेलात फ्रंट ऑफिसला, राहायला दुबईजवळ अजमानला. त्याच्याकडे लाल मसल कार आहे, व्ही-एट इंजिनाची. ती सुरू केली की समोरच्या ग्रोसरीतल्या बरण्या थरथरतात. त्याची हौस अशी की लग्नाला चर्चमध्ये जायचं ते सहा मसल कारच्या रांगेतून.

चर्च रास अल खैमाला. फादरनी बजावलं होतं की लगेच पाठोपाठ दुसरं लग्न आहे, उशीर केलात तर आज होणार नाही. आणि बाकीच्या पाच गाड्या चालवणार होते विल्सनचे तरणेबांड मावसभाऊ. एकाने जरी रेस लावली आणि पोलिसांनी थांबवलं, की लग्न खलास. म्हणून विल्सनने आपली गाडी दिली माझ्या हातात. नियमांचा माणूस ना मी!

मी सगळ्यांना उभं करून लेक्चर दिलं. विल्सनच्या बहिणीचा नवरा, आग्नेल, पेट्रोल पंपापाशी कंपनीचा पांढरा पिकअप घेऊन येईल, टपावर पिवळा दिवा. तीच आपली पेस कार. तो दिवा बंद करेपर्यंत कुणी पुढे जायचं नाही. पोरांनी मान डोलावली.

पंपापाशी पोहोचतो न पोहोचतो तोच पांढरा पिकअप बाहेर पडला. टपावर पिवळा दिवा गरगर फिरतोय, मागे ताडपत्रीखाली काहीतरी भरलेलं. मी म्हटलं, वा, आग्नेलने फुलंही आणली! लागलो मागे, आणि माझ्यामागे पाच गाड्या, सारख्या अंतरावर. आरशात बघून छाती फुगली हो.

पिकअप हळू झाला. मीही हळू झालो. तो आणखी हळू, मी आणखी हळू. खडीचे ट्रक हॉर्न मारत आम्हाला मागे टाकायला लागले. शेजारी सुटाबुटात बसलेला विल्सन फोनवर शेरनला, म्हणजे नवरीला, “निघालो, निघालो” सांगत होता. त्याने फोन बाजूला केला.

“सुहास, टाक ना याला मागे. उशीर होतोय.”

“पेस कारला? दिवा चालू असताना? शिकलास काय इतक्या वर्षांत?”

बिचारा घड्याळ बघत बसला. एवढ्यात पिकअप डावी-उजवीकडे न बघता सुसाट एका फाट्याला वळला. मला वाटलं शॉर्टकट असेल. आम्ही सहाही जण मागोमाग. मोठं गेट आलं, पिकअप आत गेला, आम्हीही घुसलो, आणि माझ्या चाकांखाली काहीतरी लोखंडी खडखडलं. तेवढ्यात विल्सनचा फोन वाजला. आग्नेल होता.

“आहात कुठे तुम्ही? मी पंपावर उभाय कधीचा.”

विल्सनने फोन ठेवला, समोरच्या पिकअपकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेबद्दल मी काही बोलणार नाही.

आम्ही हमरिया फ्री झोनमधल्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एका फॅक्टरीच्या ट्रकच्या वजनकाट्यावर उभे होतो! ताडपत्रीखाली लोखंडी पाइप. ड्रायव्हर खाली उतरला तो हात जोडूनच. “भाईसाब, मैंने क्या किया? मैं स्लो हुआ कि आप लोग निकल जाओ, तो आप भी स्लो हो गए. डर के मारे अंदर आ गया.”

मी विल्सनला म्हटलं, रेसिंगमध्येसुद्धा गाड्यांचं वजन करतात रे. तो हसला नाही.

मागे ट्रकांची रांग लागलेली, त्यामुळे एकेक गाडी रिव्हर्स काढता काढता नाकी नऊ आले. विल्सनने शेरनला फोनवर सगळी हकिगत सांगितली, माझ्या नावासकट आणि माझ्या उद्धारासकट. मग स्टिअरिंग स्वतः घेतलं. पण मर्यादेच्या वर काटा जाऊ दिला नाही हं त्या अवस्थेतही. मानलं मी त्याला.

चर्चला पोहोचलो तेव्हा दुसरी वरात अंगणात तयार. मी म्हटलं, गेलं लग्न. पण फादर जागेवर नव्हतेच! शेरन त्यांना कन्फेशनला, म्हणजे आपल्या पापांची कबुली द्यायला, घेऊन बसली होती, नवरीच्या पोशाखात, विल्सनचा फोन आल्यापासून. लग्नाआधी मन मोकळं करायचंय म्हणणाऱ्या मुलीला फादर उठवणार कसे? विल्सन दारात दिसल्यावरच ती उठली, आणि लग्न लागलं. काय डोकं आहे हो त्या मुलीचं!

जेवताना मी तिला भीत भीत विचारलं की एवढा वेळ सांगायला पापं तरी कुठून आणलीस.

ती गोड हसली. “माझी दोन मिनिटांत संपली, सुहासदादा. मग तुमची सांगत बसले.”